सांजचं दळण

सांजच्याला जातं कुणी फिरवत न्हाई. दळण पहाटचं. कोंबडं आरवायच्या आधी उठायचं, दोन ओव्या म्हणायच्या, उजाडंस्तोवर पीठ काढायचं, हे बाईला कुणी शिकवावं लागत न्हाई. आता तर गावात पिठाची गिरणी बी आली, तिची पुकपुक दुपारभर ऐकू येती, आन जात्याला हात लावणाऱ्या बाया कमी झाल्या. पण आमच्या घरी ऐतवारी दिवस बुडायला लागला की मी जात्यावर बसायचे. बसायला सांगितलं आमच्या ह्यांनी आन ह्यांच्या दोन दोस्तांनी. पीठ पाहिजे म्हणून न्हाई. आवाज पाहिजे म्हणून.

आणीबाणीचं साल होतं ते. आता धाकटी पळायली, तवा अंगावर पीत होती. थोरली तीन वर्षांची, सारखी पदराला धरून. आमचे हे मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पिंगळी टेसनापासून चालत येण्याजोगं गाव. भाड्याच्या दोन खोल्या आन पुढं ओसरी. संगं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. मी चौथी शिकले आन शाळा सोडून लगीन झालेल्या बहिणीची लेकरं सांभाळायला गेले, त्यामुळं वाचता येतंय पण अक्षर अक्षर जोडून. लिहायला तर लय टाईम लागतो, लेकरं निजली की जराक लिहिते, उठली की ठेवते.

आणीबाणीच्या आधी हे तिघं ओसरीवर बसायचे. एक आमचे हे. दुसरे आडतवाले भाऊजी, गावातलेच. त्यांचं कापसाचं दुकान आन थोडं शेत. सरकारनं कापसाची खरेदी आपल्या हातात घेतली तवापासून दुकानात नुसता काटा टांगलेला, आन पारड्यात मांजर निजायचं. तिसरे जिनिंगवाले भाऊजी, परभणीला जिनिंगमधी, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात कामाला, लाल पार्टीचे. सुट्टीच्या दिवशी पॅसेंजरनं पिंगळीला उतरायचे आन चालत यायचे, धोतराला कापसाचं तूस चिकटलेलं. तिघं निजामाच्या वख्ताला एका शाळेत, एका पाटीवर शिकलेले. तवापासून दोस्त आन तवापासून भांडतात.

मी दाराआड च्या करायचे आन ऐकायचे. भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद. पहिल्यांदा मला वाटलं ही सासरकडच्या पाव्हण्यांची नावं हायेत, इतक्या वेळा ती घरात यायची.

"मास्तर, ज्याची वस्तू त्याची," आडतवाले म्हणायचे. "म्या कापूस कुणाकडनं घ्यायचा, कुणाला इकायचा, हे मुंबईत बसून दुसराच ठरवणार आन वर मला म्हणणार तू आझाद हायेस. कशानं आझाद?"

"शेठ, ह्या हातानं एक तरी बोंड येचलंय का?" जिनिंगवाले. "येचणारीला इचारा कापूस कुणाचा ते."

"येचणारीला मजुरी देतो की."

"देता. आन ती न्हाई म्हणली तर?"

"न्हाई म्हणली तर दुसरी येती."

"हां. म्हणजे न्हाई म्हणायची आझादी तुमाला. तिला न्हाई."

मग आमचे हे मधी पडायचे. "आन तुझ्या रशियात न्हाई म्हणता येतंय का रे? तिथं न्हाई म्हणलं की बर्फात नेऊन टाकत्यात."

"तिथं कुणी भुकेनं मरत न्हाई."

"बर्फानं मरतंय की."

मग हसायचे तिघं बी. हे म्हणायचे, भाकर बी पाहिजे आन तोंड बी पाहिजे, नुसता कडबा तर बैलाला बी मिळतोय. हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. मला आतून वाटायचं, बरं बोलतेत आमचे हे. च्याची कपबशी बाहेर द्यायचे तवा दोन आमच्या रोजच्या, आन एक कोनाड्यातली, कडंला टवका उडालेली. ती जिनिंगवाल्या भाऊजींची. ते बौद्ध. आत्याबाईनी ती येगळी ठेवलेली. तिघं माणूस सगळा सारखा म्हणून बोलायचे आन ती कपबशी मधी ठेवलेली असायची. कुणी कायी बोललं न्हाई कवा.

मग एक दिवस रेडिओवर आणीबाणीचं सांगितलं. पहिल्यांदा आमच्या गावात कायीच बदललं न्हाई, नुसती शाळा टायमावर भरायला लागली. चावडीच्या भिंतीवर निळ्या रंगानं अक्षरं काढली. मग पोळ्याच्या आधी पलीकडल्या गावातल्या एका मास्तरांना नेलं. ह्यांच्या वळखीचे. वर्गातून नेलं, हातातला खडू ठेवू दिला न्हाई म्हणं. काय बोलले होते? तर पारावर बसून दोन शब्द बोलले होते. हेच, आमचे हे बोलतेत ते. त्यांची बायको लेकरं घेऊन भावाच्या दारात गेली आन भावजयीनं पाणी दिलं ते बी उभ्यानं, असं बाजारात बाया सांगायल्या होत्या.

मला भाऊ न्हाई. बाप गेलेला. माय पाथरीला मावशीच्या घरात एका कोपऱ्यात पडून. बहिणीच्या घरी तिचंच भागत न्हाई. ह्यांना नेलं तर मी ह्या दोन लेकी आन ह्या म्हाताऱ्या सासूला घेऊन कुठं जावं? रस्त्यावर जीप वाजली की माझं दूध आटायचं. खरंच आटायचं, पोरगी चोखायची आन रडायची.

मी ह्यांना म्हणलं, "आवो, ते बोलणं बंद करा की."

"कोणतं?"

"तेच. ऐतवारचं."

ह्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणले, "आगं, शाळेत मी सांगितलेलं बोलतो. सभेला नेलं की तिथं बी सांगितलेलंच बोलतो. आठवड्यातून एक घंटा मपलं बोलतो. ते बी सोडू?"

सोडा म्हणलं असतं तर त्यांनी सोडलं असतं का आणखीन कायी झालं असतं, मला कळत न्हाई. मी पोरीला उचललं आन चुलीकडं गेले.

बोलणं बंद झालं न्हाई. नुसतं ओसरीवरनं आत आलं, सैपाकाच्या खोलीत, कारण पुढल्या खोलीची खिडकी रस्त्यावर. पण ती खोली ओसरीपेक्षा वाईट. तिच्या भिंतीला भिंत लावून पोलिस पाटलाचा गोठा. गावात कोण आलं, कोण गेलं, कोण काय बोललं ही खबर परभणीच्या ठाण्यात द्यायचं काम पाटलाचं. त्यांचा गडी गोठ्यात शिंकला तरी आमाला ऐकू यायचं. मग आमचं त्याला यायचं न्हाई का?

तवा आडतवाल्या भाऊजींनी युक्ती काढली. "वहिनीला जातं फिरवू द्या. आवाजात आवाज मिसळतोय. कुणाचा बाप ऐकू शकत न्हाई."

आत्याबाई कडाडल्या. "दिवेलागणीला जातं? घरातली लक्ष्मी उठून जाती आशानं. रझाकाराच्या वख्ताला बी दारं लावून बसलो आमी, पण सांजचं जातं न्हाई फिरवलं कुणी."

"मावशी, लक्ष्मी कवाच गेली. सरकारनं नेली," आडतवाले म्हणले, आन तिघं हसले.

मी हळूच म्हणलं, "लोक इचारतील." कुणाला ऐकू आलं का न्हाई की. हे म्हणले, लोकाला काय कळतंय, बस तू.

मी बसले. मांडीवर धाकटी, एक हात खुंट्याला, दुसऱ्या हातानं जात्याच्या तोंडात मूठमूठ जवारी वैरायची. तिघं माझ्याभवती, डोकं डोक्याला लावून. थोरली माझ्या पाठीला टेकून. बोलणं वाढलं की आवाज वाढायचा, मग हे मला बोटानं खुणवायचे, जोरात, जोरात. हसू आलं की आणखीन जोरात. घाम डोळ्यात जायचा. दाणे सरले की मी तेच पीठ परत वैरायचे, नुसतं जातं फिरवलं तर दगड झिजतोय. ते पीठ इतकं मऊ व्हायचं की भाकर परातीलाच चिकटायची. त्या सगळ्यांत जवळ मी बसलेली आन मलाच सगळ्यांत कमी ऐकू यायचं. एखादं वाक्य, एखादा अर्धा शब्द. पण एक मला नीट ऐकू आलं, कारण तवा मी दाणे घ्यायला थांबले होते.

जिनिंगवाले म्हणायले होते, "सावकारी बंद, वेठबिगारी बंद, चावडीवर लिहिलंय. आधी लिहिलं होतं का कुणी? गरिबाच्या पोटात दोन घास जात असतील तर मास्तरचं आन शेठचं तोंड चार दिवस बंद राहिलं, काय बिघडलं?"

"तुझं तोंड बी बंदच हाय की," हे म्हणले. "मग कुजबुजायला कामून लागलास?"

जिनिंगवाले गप झाले. आडतवाले बी गप झाले. मी घाईनं जातं फिरवलं, कारण गप बसलेलं बी ऐकू जाईल असं वाटलं मला.

आसं पुढं किती ऐतवार चाललं, मोजलं न्हाई मी. थंडी पडायला लागली होती. एका ऐतवारी दोघं दोस्त उठून गेले आन मी हात धुवायच्या आधीच ओसरीवर खाकरल्याचा आवाज आला. पोलिस पाटील. बाजेवर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं. हे पुढं झाले. मी पाणी नेलं.

"मास्तरीणबाई, जातं लय गोड वाजतंय तुमचं," पाटील म्हणले. "आमच्या गोठ्यात ऐकू येतंय."

मी तांब्या त्यांच्यापुढं ठेवला.

"पण ऐतवारीच वाजतंय. आन सांजच्यालाच. गडी म्हणला, मालक, हे काय इपरीत हाय. म्या म्हणलं, इचारून येतो."

हे पागोट्याकडं बघत उभे. इतकं बोलणारा माणूस. आत्याबाईच बोलल्या आतून. "मला गिरणीचं पीठ सोसत न्हाई, पाटील. पोटात आग पडती."

"मग पहाटं का दळत न्हाई सूनबाई?"

"पहाटं लेकरू उठतंय."

"खरं हाय, खरं हाय." पाटलांनी पाणी पिलं, मिशी पुसली. "आमच्या आईला बी तसंच. गिरणीचं चालत न्हाई. घरात तीन सुना हायेत, पण जात्याला हात लावायचा म्हणलं की तिघींचं अंग दुखतंय. म्हणलं, तुमचं दळण निघतंयच, त्यात आमचं टोपलं बी टाकत जा. काय मास्तर?"

हे म्हणले, "हो."

"परवा ठाण्यात गेलतो. साहेब इचारत होते, गावात बाहेरचं कोण येतंय, कोण जातंय. म्या म्हणलं, साहेब, आमचे मास्तर लय सज्जन माणूस." पागोटं घातलं आन गेले.

दुसऱ्या दिवशी गड्यानं जवारीचं टोपलं उंबऱ्यात आणून ठेवलं. शीग भरलेलं. आत्याबाई त्याच्याकडं बघत बसल्या आन म्हणल्या, गेली का न्हाई लक्ष्मी.

पहिल्यांदा ऐतवारचं एक टोपलं. मग मधल्या दिवशी बी यायला लागलं. तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर परत आले. हळद लावायची, फडकं बांधायचं आन बसायचं. पाठ अशी दुखायची की पोरीला उचलताना देव आठवायचा. पोरगी दूध दूध करून रडायची आन मी एका हातानं फिरवायचे. न्हाई म्हणावं तर कसं म्हणावं? न्हाई म्हणलं की पाटील म्हणणार, मग सांजचं जातं कशाला फिरत होतं? आत्याबाईच्या पोटाची लबाडी आमी सांगितलेली, आता ती लबाडी मला रोज दळावी लागायली होती.

दळून झालं की टोपलं डोक्यावर घेऊन पाटलाच्या घरी पोचवायचं. वाटेत चावडी. तिथली निळी अक्षरं मी येताजाता जोडत जोडत वाचली. वे-ठ-बि-गा-री. पुढचं बंद, ते सोपं होतं. कितींदा तरी वाचली. डोक्यावर वझं असलं की मान वर करता येत न्हाई, डोळेच तेवढे वर करून वाचायचं.

पाटलाची आई पीठ चिमटीत घ्यायची. "जाडं झालंय गं. परत काढ." मी परत न्यायचे, परत काढायचे.

आन एक दिवस पीठ घेऊन मी गोठ्याच्या दारानं गेले, पुढं पाव्हणे बसलेले म्हणून. तिथं गडी माझंच पीठ, मी कालच पोचवलेलं, घमेल्यात पाणी घालून कालवायला होता. म्हशीसाठी. दूध वाढतंय म्हणला. म्हातारीच्या घरची भाकर गिरणीच्या पिठाचीच, हे बी तोच म्हणला. मी तिथंच उभी राहिले. म्हशीनं तोंड घातलं आन ते पीठ तिच्या नाकाला लागलं, पांढरं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे जेवत होते. घास परत ताटात ठेवला. मग ताट सरकवलं आन ओसरीवर जाऊन बसले, रस्त्याकडं तोंड करून. मला वाटलं आता उठतील, पाटलाकडं जातील. मी पळत बाहेर गेले, म्हणलं, "जाऊ नका, आवो, म्हशीनं खाल्लं तर खाऊ द्या, मी दळते, तुमी जाऊ नका." हे म्हणले, "मी कुठं चाललोय." आन खरंच कुठं गेले न्हाई.

ही गोष्ट दोस्तांना कळली ती टोपल्यामुळं, तोवर ते यायच्या आधी मी ते झाकून ठेवायचे. जिनिंगवाले भाऊजी आत आले तर मी आधीच जात्यावर, अंगाला पीठ लागलेलं, बाजूला पाटलाचं टोपलं.

"हे कुणाचं दळण, वहिनी?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी सगळं सांगितलं, म्हशीपातुर. जिनिंगवाल्यांच्या जिनिंगमधी बी तवा मजुरांनी काम बंद ठेवायचं ठरवलं होतं आन त्यातल्या दोघांना नेलं होतं. चावडीवरच्या अक्षराचं ते आता बोलत नव्हते. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आन माझ्यासमोर मांडी घातली. "सरका जराक."

आत्याबाई चुलीपुढनं ओरडल्या, "आरं बाबा, त्या दळणाला हात लावू नको, पाटलाचं हाय ते!"

"मावशी, पाटलाला न्हाई सांगायचं," ते म्हणले. "म्हशीला चालतंय. म्हस जात बघत न्हाई."

आत्याबाईनी पदर तोंडाला लावला. हसल्या का रडल्या, मला दिसलं न्हाई.

भाऊजींनी खुंटा धरला आन उलटा फिरवला. पीठ पडंना. "इकडून न्हाई, तिकडून," मी म्हणलं. आडतवाले म्हणले, "बघा, क्रांती उलटी चालली." मग आडतवाल्यांना बी बसवलं. त्यांचं पोट मांडीवर, खुंटा हाताला पुरंना, चार फेऱ्यात तोंडाला फेस. "शेठचा घाम आज पहिल्यांदा बघायलो," जिनिंगवाले म्हणले. हे बी बसले. त्या दिवशी वाद झाला न्हाई, भांडवलशाही न्हाई का समाजवाद न्हाई, दम लागल्यावर बोलता येत न्हाई. अर्धं टोपलं बी झालं न्हाई आन पॅसेंजरचा टाईम झाला. त्यांनी दळलेलं जाडंभरडं होतं. ते गेल्यावर मी परत काढलं.

आसं वरीस सरलं, मग इलेक्शन आलं. मतं टाकली, मी बी टाकलं, बोटाची शाई पिठानं पांढरी व्हायची आन धुतली की परत निळी दिसायची. आन एक दिवस रेडिओवर सांगितलं दिल्लीचं सरकार पडलं, आणीबाणी उठली. हे ओसरीवरनं खाली उतरले, रस्त्यात उभे राहिले आन मोठ्यानं हसले. रस्त्यात. मोठ्यानं. पलीकडल्या गावचे मास्तर घरी आले, वाळलेले, दाढी वाढलेली, पण आले. आडतवाल्या भाऊजींनी पेढे आणले. थोरलीनं दोन्ही हातात पेढे घेतले. मी देवापुढं नारळ ठेवला आन जातं कोपऱ्यात उभं करून ठेवलं, पाळू, म्हणजे वरचा दगड, भिंतीला टेकवून. मला वाटलं, झालं. आता ह्यांना कोण नेतंय? आता जातं फिरवायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी गड्यानं टोपलं आणून उंबऱ्यात ठेवलं. शीग भरलेलं.

मी म्हणलं, "हे काय?"

"दळण," गडी म्हणला. त्याला काय ठाऊक? त्याला जे सांगितलं ते तो आणतो.

पाटील पाटीलच राहिले. चावडीवर दुसऱ्या पार्टीचा झेंडा आला, तिथं बी पाटीलच पुढं उभे होते, तेच पागोटं. मी जातं परत मांडलं आन दळलं. एक टोपलं, आणखीन एक.

मग ऐतवार आला. तिघं ओसरीवर बसले, पहिल्यासारखे, रस्त्यावर ऐकू जाईल असे बोलत. मी च्या दिला. जिनिंगवाल्यांना त्याच कपबशीत. आन मी आत गेले न्हाई. दारात उभी राहिले, धाकटी कडंवर, आन आत टोपलं पडलेलं. मग मी बोलले.

"आवो, आता न्हाई म्हणू का?"

हे वळले. "कशाला?"

"दळणाला. पाटलाच्या."

तिघं बी माझ्याकडं बघायला लागले. मी दोन दोस्तांसमोर असं पुढं येऊन कवा बोलले नव्हते.

"म्हणायलाच पाहिजे," जिनिंगवाले म्हणले. "ही सरळ वेठ हाय. पण एकट्या वहिनीनं म्हणून उपेग न्हाई. आज हिनं न्हाई म्हणलं की उद्या दुसरीच्या उंबऱ्यात टोपलं. गावातल्या सगळ्या बायांनी मिळून म्हणलं पाहिजे."

"सगळ्या बाया कवा मिळाल्यात?" आडतवाले म्हणले. "माझं ऐका. दर लावा. पायलीला मजुरी सांगा. सरळ धंदा. परवडलं तर देतील, न्हाई परवडलं तर टोपलं आपोआप बंद. भांडण न्हाई, तंटा न्हाई."

"शेठला हिच्या घामाचा बी भावच दिसायला."

"भाव न्हाई म्हणूनच फुकट चाललंय की!"

"दोघं बी थांबा," आमचे हे म्हणले. "माणूस हाय तो बी. मी बोलतो त्याच्याशी. समजावून सांगतो. सवडीनं."

"सवडीनं! मास्तर, तुमचा समाजवाद कवाबी सवडीनंच येतोय."

"आन तुझा? तुझा तर बंदूक घेऊन."

आतून आत्याबाई म्हणल्या, "बदलीचा कागद पाटलाच्या शब्दावर निघतोय, इसरू नका. लेकराचं दूध बी त्यांच्याच गोठ्यातनं येतंय, हिला तर उरलंच न्हाई."

मग ते परत सुरू झाले. एकटीनं न्हाई म्हणलं तर ती आझादी का येडेपणा. पोट दुसऱ्याच्या हातात असलं तर न्हाई म्हणता येतंय का. कायद्यानं दिलेलं आन हातात असलेलं ह्यात काय फरक. लय चांगलं बोलायले होते, मला आज जवळजवळ सगळं कळत होतं, आन सगळे जण माझ्याच बाजूनं बोलायले होते. मी उभी राहिले, वाटलं कुणी तरी म्हणल, बरं, म्हण. न्हाई तर म्हणल, नको म्हणू. धाकटी कडंवर जड झाली. मी एका पायावरनं दुसऱ्या पायावर झाले.

भिंतीपल्याडनं गड्यानं हाक मारली. "मास्तरीणबाई, झालं का दळण? म्हस खोळंबलीय!"

तिघांनी ऐकलं. माझ्याकडं बघितलं. मग आडतवाले म्हणले, "हेच मी म्हणतोय, आता जर दर ठरलेला असता..." आन परत चालू.

मी आत गेले. धाकटीला मांडीवर घेतलं, मूठभर जवारी वैरली आन खुंटा धरला. चार-दोन फेऱ्या झाल्या असतील, ओसरीवरनं ह्यांचा आवाज आला.

"आगं, जराक थांब की. बोललेलं ऐकू येईना."

मी थांबले. बाहेर बोलणं चाललंच होतं. भिंतीपल्याडनं गड्यानं परत हाक मारली. मग मी परत फिरवायला लागले, हळूहळू, आवाज होऊ न देता. जातं हळू फिरवलं की लय जड जातंय.